विडीवालीच्या नावाने कोणाचा कायदा?

विधेयक, तीन वाचने, मतदान, राष्ट्रपतींची सही. कायदा असा बनतो हे आपण मुलांना शिकवतो. पण कायद्यानंतर त्याचे नियम बनतात. तिथे वर्तमानपत्रांचे लक्ष नसते, म्हणून तिथेच दबावगटांचे फावते.

ऑक्टोबर 2014 मध्ये केंद्राने अधिसूचना काढली: तंबाखूच्या पाकिटावर दोन्ही बाजूंना 85 टक्के जागेत धोक्याचे चित्र, 1 एप्रिल 2015 पासून. हा नियम तपासणाऱ्या लोकसभा समितीचे अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अहवाल नाही, असे ते म्हणाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते! समितीतले एक सदस्य, श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडीचे कारखानदार. नियम लांबणीवर पडला. मार्च 2016 मध्ये समितीने 50 टक्केच पुरे, अशी शिफारस केली. सरकारने ती न मानता 1 एप्रिल 2016 पासून 85 टक्के लागू केले. पण वर्ष वाया गेलेच.

या वादात कारखानदारांची ढाल कोण? विडी कामगार. सोलापूर, सिन्नरच्या बायकांची रोजीरोटी जाईल, ही ओरड. एवढाच कळवळा असेल तर हजार विड्यांमागची मजुरी वाढवा. वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापणे थांबवा. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. जिची बोटे दिवसभर तंबाखूत असतात, तिच्या छातीचा विचार मालकाच्या निवेदनात कुठे असतो?

दबावगट नसावेत, असे माझे म्हणणे नाही. कामगारांची युनियन, डॉक्टरांची संघटना हेही दबावगटच. लोकशाहीत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क सर्वांना आहे. पण गाऱ्हाणे मांडणाराच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला तर? आर्थिक हितसंबंध असलेल्या सदस्याच्या समावेशावर हरकत घेण्याची तरतूद लोकसभेच्या नियमांत आहे. ती कागदावर ठेवून काय उपयोग? अमेरिकेत लॉबिंगची नोंद करण्याचा कायदा 1995 मध्ये झाला. आपल्याकडे तसा कायदाच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कोणता गट कोणत्या मंत्र्याला, कोणत्या समितीला भेटला, काय मागितले, हे जाहीर करा. ज्याचा धंदा, त्याने त्या विषयाच्या समितीतून उठावे. आणि विडीवालीच्या नावाने काही ठरणार असेल, तर आधी तिला बोलवा. तिच्या मालकाला नंतर.