विश्लेषण : लिनक्स फुकट, मग कार्यालये विंडोजवरच का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून ‘विंडोज १०’चा नियमित आधार काढून घेतला. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. महाड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान रसायन कारखान्याने २०१५ साली घेतलेला संगणक धडधाकट असला, तरी या अटीत बसत नाही. लिनक्स त्यावर चालते, तेही परवाना शुल्काविना. मग अडते कुठे?

टॅलीची अडचण आहेच. ते विंडोजसाठी बनते. पण खरी गाठ पडते ती शेजारच्या प्रिंटरशी.

ड्रायव्हरचा संबंध काय?

ड्रायव्हर हा संगणक आणि यंत्र यांच्यातला दुभाषी. यंत्राची भाषा कंपनीने गुप्त ठेवली, की दुभाषीही तिच्याचकडून घ्यावा लागतो. कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० ‘कॅप्ट’ या कंपनीच्या खासगी भाषेत बोलतो. कॅननने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण तो जुन्या ३२ बिट घटकांवर बेतलेला. आजच्या लिनक्सवर बसवताना जाणकारही घामाघूम होतो. एचपीचा लेझरजेट १०२० तर बंद केला की आपले फर्मवेअरच विसरतो. संगणकाने ते पुन्हा पाठवायचे, आणि त्यासाठी लिनक्सवर एचपीचा वेगळा, बंदिस्त प्लगिन लागतो. चलन छापले गेले नाही, की मालाचा ट्रक फाटकावर उभा. मालक लिनक्सलाच बोल लावतो.

हे दुखणे जुने आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या प्रिंटरचा सोर्स कोड नाकारला गेला. त्या अनुभवाचाही १९८३ मध्ये जाहीर झालेल्या ‘जीएनयू’ प्रकल्पामागे वाटा होता.

लिनक्सचे गिऱ्हाईक थोडे, म्हणून ड्रायव्हर परवडत नाही, असे कंपन्या म्हणतात. हिशेब खोटा नाही. पण ड्रायव्हर नाही म्हणूनच गिऱ्हाईक थोडे, हेही तितकेच खरे. शिवाय ड्रायव्हर लिहायचा नसेल, तर निदान यंत्राची भाषा तरी खुली करता येते. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, तोही वर्षानुवर्षांच्या टीकेनंतर.

कारखान्याने काय करावे?

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, हार्डडिस्कला हात न लावता, प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचे टोकन तपासता येते. नवा प्रिंटर घेताना ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ किंवा ‘एअरप्रिंट’ चालणारा घ्यावा. त्याला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. खरेदी आदेशात ‘लिनक्सवर चालवून दाखवावे’ ही ओळ घालावी. एकट्या कारखान्याच्या ओळीला विक्रेता दाद देणार नाही. वसाहतीतल्या दहा-वीस कारखान्यांनी मिळून घातली, तर त्याला विचार करावा लागेल.

प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी यंत्राचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवरच चालते. तो संगणक तसाच ठेवावा, मात्र इंटरनेटपासून तोडून.