चिपचा लेआउट शिकायचाय? क्लासची फी भरण्याआधी एवढं समजून घ्या

गुजरातमधल्या धोलेरा इथे होणाऱ्या टाटा-पीएसएमसीच्या चिप कारखान्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. गुंतवणूक ९१ हजार कोटींची. साहजिकच ‘व्हीएलएसआय शिका, नोकरी मिळवा’ अशा जाहिरातींना जोर आहे. पण लेआउटचं काम कारखान्यात होत नाही, ते कॉम्प्युटरवर होतं. भारतात ते जुनंच आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत डिझाइन केंद्र काढलं ते १९८५ मध्ये.

हे काम नेमकं काय असतं?

सर्किटमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि प्रत्येक तार रंगीत चौकोनांत मांडायची. प्रत्येक रंग म्हणजे चिपचा एक थर, आणि या थरांवरूनच कारखान्यात मास्क बनतात. डिफ्यूजनच्या पट्टीला पॉलिसिलिकॉनची पट्टी आडवी गेली, की तिथे ट्रान्झिस्टर तयार होतो. मग दोन तपासण्या. डीआरसी पाहते की पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर कारखान्याच्या नियमांत आहे का. एलव्हीएस पाहते की काढलेलं चित्र मूळ सर्किटशी जुळतं का.

डिजिटल भागाची मांडणी आता बहुतांश सॉफ्टवेअरच करतं. माणसाचा हात लागतो तो मुख्यतः अ‍ॅनालॉग सर्किटला. तिथे तार उगाच लांबली तरी सर्किट मंदावतं.

खरी अडचण नियमांच्या संचाची, म्हणजे पीडीकेची होती. गोपनीयतेचा करार केल्याशिवाय कारखाने तो सहसा देत नाहीत. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने १३० नॅनोमीटरचा पीडीके सर्वांसाठी खुला केला. सोबत मॅजिक आणि केलेआउट ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. सरावाला साधा लॅपटॉप पुरतो.

चिप प्रत्यक्ष बनवून घेणं मात्र फुकट नाही. खुल्या डिझाइनच्या चिप बनवून देणारी ईफॅबलेस ही अमेरिकी कंपनी मार्च २०२५ मध्ये बंद पडली. कंपन्यांमध्ये कॅडेन्ससारखी महागडी सॉफ्टवेअर चालतात, हेही खरं. केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेतून ती सी-डॅकमार्फत निवडक कॉलेजांना मिळतात. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे आधी विचारावं. क्लासवाले हे सांगतीलच असं नाही.

सुरुवात दोन ट्रान्झिस्टरच्या इन्व्हर्टरने करावी. पहिल्यांदा डीआरसी चुकांची रांग दाखवेल. त्या संपल्या की एलव्हीएस, मग तोच इन्व्हर्टर कमी जागेत. हे दोन-तीन आठवडे करून कंटाळा आला नाही, तर फीचा विचार करायला हरकत नाही.