कटर कशात धरायचा?

लेथला उर्दूत खराद म्हणतात. खरादी हे आडनाव आपल्या समाजात आजही आढळते. मी मात्र खडूवाला माणूस. मालेगावात धाकट्या भावाचे पॉवरलूमचे भाग दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी त्याचा हिशेब लिहितो, एवढाच माझा खरादशी संबंध.

मिलिंग मशीन घेण्याची त्याची ऐपत नाही. शाफ्टला चावीचा गाळा पाडायचा तर तो लेथवरच पाडतो. जॉब व्हर्टिकल स्लाइडवर बांधतो आणि स्पिंडलमध्ये एंडमिल फिरवतो. मागे एकदा त्याने कटर ड्रिल चकमध्ये धरला. अर्ध्या गाळ्यात कटर हळूहळू बाहेर सरकला, गाळा एका टोकाला खोल गेला आणि गिऱ्हाइकाचा शाफ्ट भंगारात जमा झाला. त्याची भरपाई वहीत मीच लिहिली.

चूक नशिबाची नव्हती. ड्रिल चक सरळ दाबासाठी असतो. मिलिंगमध्ये जोर बाजूने येतो, शिवाय एंडमिलचा पीळ कटरला पकडीतून बाहेर ओढतो. चकचे तीन अरुंद जबडे कठीण शँकला पुरे पडत नाहीत. कोलेट मात्र शँकला चहूबाजूंनी कवळतो.

आता कोणता कोलेट? एक पर्याय मोर्स टेपरचा. तो थेट स्पिंडलच्या टेपरमध्ये बसतो आणि मागून ड्रॉबारने आवळतात. कटर बेअरिंगच्या जवळ राहतो, त्यामुळे थरथर कमी. पण प्रत्येक मापाला वेगळा कोलेट लागतो आणि ड्रॉबारमुळे स्पिंडलचे भोक अडते. दुसरा पर्याय ईआर. ही पद्धत १९७०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने आणली. ईआर ३२ मध्ये २० मिमीपर्यंतची शँक धरता येते. बॅकप्लेटवर बसणारा ईआर चक घेतला तर भोक मोकळे राहते, लांब सळईही त्यातच धरता येते.

फक्त मिलिंगच करायचे असते तर मी मोर्स म्हटले असते. दुरुस्तीच्या वर्कशॉपला मात्र ईआर ३२ बरा, असे माझे मत आहे. भाऊ म्हणतो, "भाईजान, अठरा कोलेटचा पूर्ण संच स्वस्तात मिळतोय." माझा वाद इथेच आहे. त्याच्या कटरच्या शँक चारच मापांच्या: ६, १०, १२ आणि १६ मिमी. मग चारच घे, पण चांगले घे. कोलेट वाकडा फिरला की कटरच्या एकाच दातावर सगळा भार येतो, आणि तो दात आधी जातो. कोलेट १ मिमीपर्यंत आवळला जातो म्हणून ९ची शँक १०च्या कोलेटमध्ये कोंबायची नाही. मापाला माप हवे. आणि कोलेट आधी नटमध्ये टक्कन बसवायचा, मगच कटर घालायचा. नाहीतर नट सोडला तरी कोलेट आत अडकून बसतो.

आपली कितीतरी मुले अशा वर्कशॉपमध्ये हात काळे करून शिकतात. उस्ताद त्यांना "असे कर" सांगतो, "का" सांगत नाही. मग "चालतंय की" हाच त्यांचा धडा होतो. भावाकडे दोन पोरे आहेत. नवा चक आला की त्यांना आधी तो भंगारातला शाफ्ट दाखवायचा, असे मी त्याला बजावले आहे.