हजेरी पाहायची ती गच्चीवरून?

मुंबईत १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरतो, पणजीत २०१६ पासून सेरेंडिपिटी. नाच, नाटक, गाणं नाट्यगृहातून काढून रस्त्यावर, मैदानात आणलं म्हणून त्यांचं कौतुक होतं. जरूर व्हावं. आमच्या शिरूर-दौंडच्या बाईला मात्र यात नवल वाटणार नाही. चैत्र लागला की गावोगाव यात्रा सुरू होतात. देवळापुढच्या पटांगणात स्टेज उभं राहतं, गावानं सुपारी देऊन ठरवलेला तमाशाचा फड येतो. घरटी वर्गणी निघते आणि खेळ सगळ्यांसाठी खुला असतो.

'सगळ्यांसाठी' या शब्दापाशी मी अडते. या दोन तालुक्यांत मी बचत गटांबरोबर काम करते. बैठकीत विचारलं, रात्रीचा तमाशा कोणी पाहिला, तर एखाददुसराच हात वर येतो, तोही चाचरत. वर्गणी बाईच्या दुधाच्या पैशातून गेलेली असते, पाहुण्यारावळ्यांच्या पोळ्या तिनंच लाटलेल्या असतात. पटांगणात स्टेजवर बाई, समोर पुरुषांची गर्दी, आणि गावातल्या बाया घरात पडून ढोलकी ऐकतात. चांगल्या घरच्या बायका तमाशाला जात नाहीत म्हणे! या एका वाक्यानं गावातली बाई घरात राहते आणि स्टेजवरची आपोआप 'वाईट' ठरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे तमाशाची हजेरी असते, दुपारी कुस्त्या. हजेरी उजेडात होते, म्हणून तिथे बाया दिसतात. पण कुठे? गच्चीवर, ओट्यावर, भिंतीच्या आडोशाला. मांडवात सतरंजीवर नाही.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीनंही कला लोकांमध्ये नेली. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं आणि स्त्री मुक्ती संघटनेनं ते वस्त्या-वस्त्यांत नेलं. तमाशातल्या बाईपासून मात्र आपण अंतर राखलं. तिचा नाच पुरुषी नजरेसाठी, म्हणून नाक मुरडलं. मला हे पटत नाही. नजर बदलायची तर आधी समोरचे प्रेक्षक बदलायला हवेत. पुढच्या रांगेत सासवा, सुना, शाळेतल्या मुली बसल्या तर शिट्ट्या मारणाऱ्यालाही मागे वळून पाहावं लागेल. आता शिट्ट्यांबरोबर मोबाइल आलेत. स्टेजला टेकून कॅमेरा वर धरायचा, तेवढाच तुकडा गावभर पाठवायचा. त्या बाईला विचारतो कोण?

नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट महाराष्ट्र अभिमानानं सांगतो: भर खेळात कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार. पण तिथे सुईण का नव्हती, हे कोणी विचारत नाही. आजही फडातल्या मुलींनी कपडे कुठे बदलायचे, संडासला कुठे जायचं, हे यात्रा कमिटीच्या खिजगणतीत नसतं. आणि ज्या पटांगणात त्यांची सोय नाही, तिथे गावच्या बाईची तरी कुठून असणार?

दौंडकडे हा विषय काढला की लगेच चौफुल्याचं नाव घेतलं जातं. चौफुल्याची कला केंद्रं म्हणजे संगीत बारी, बंद थिएटरातली. यात्रेतला ढोलकीफड वेगळा. तिथल्या बायकांवर स्वतंत्रच लिहायला हवं; त्यांचं नाव पुढे करून इथला प्रश्न टाळू नये.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच बाई असते, पण यात्रा कमिटीचं पत्रक पाहा, नावं सगळी बाप्यांची. पैसा, जागा, वेळ, सगळं ही कमिटी ठरवते. त्यामुळे ग्रामपंचायतीत जागा मिळूनही पटांगण बाईचं झालेलं नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. कमिटीत निम्म्या बाया घ्या. हजेरीला मांडवाची अर्धी बाजू, स्टेजपर्यंतची, बायकांसाठी ठेवा, मागची नव्हे. कलावंतांसाठी आणि प्रेक्षक बायांसाठी संडास आणि उजेड यांचा खर्च सुपारीबरोबरच धरा. नारायणगावला फडांच्या राहुट्या पाडव्याच्या सुमारास लागतात आणि सुपाऱ्या तिथेच ठरतात. म्हणून हा विषय त्याआधीच्या ग्रामसभेत, लेखी अर्ज देऊन मांडायला हवा. अर्जावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.