तेलकट पानांची पाठचिकित्सा

पोथीतल्या एका पाठभेदावर वर्षे खर्ची घालणारे आपले अभ्यासक जुन्या अमेरिकन मोटारीचे वर्कशॉप मॅन्युअल मात्र निःशंकपणे रद्दीत घालतात. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. या यंत्रांची इंग्रजी मॅन्युअले पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या मोडनिंबसारख्या गावातल्या मिस्तरीने कशी वाचली असतील, हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा प्रश्न नव्हे काय?

अस्सल प्रत ओळखायला आपलीच अवजारे पुरतात. छापलेल्या वर्षावर विसंबू नये. फेरछपाईतही तेच वर्ष राहते. छायाचित्रे पाहावीत: प्रतीवरून काढलेल्या प्रतीत बारकावे काळवंडतात. पुस्तक खुद्द कारखान्याचे, की अनेक कंपन्यांच्या गाड्या एकत्र कोंबणाऱ्या ‘चिल्टन’सारख्या प्रकाशकाचे, हेही तपासावे. हाती आलेली पुरवणी असेल, तर मूळ ग्रंथावाचून ती अपुरी.

बाजार कोऱ्या, निष्कलंक प्रतीला अधिक भाव देतो. संग्राहकाने तो खुशाल मोजावा. अभ्यासकाने तो निकष उसना घेण्याचे कारण नाही. ज्या पानावर ग्रीसचा अंगठा उमटला असेल, समासात इंचाचे माप देवनागरी आकड्यांत उतरवले असेल, तेथे वाचन प्रत्यक्ष घडलेले आहे. गावाकडे वाचक नाहीत म्हणून गळा काढणाऱ्यांनी निदान हा पुरावा तरी किलोच्या भावाने विकू नये.