रसोडा : मेव्याचा डबा उघडताना



कार्तिकी पौर्णिमा झाली, आणि फाल्गुनी चौदसीला फळीवर चढलेला मेव्याचा डबा आपल्यापैकी अनेकींच्या घरी पुन्हा खाली उतरला. आठ महिन्यांचा हा त्याग ज्या घरी पाळला जातो, तेथे मार्गशीर्षातली पहिली काजूकतली नुसती मिठाई नसते. ऋतू पालटल्याची ती खूण असते. गेल्या महिन्यात दोन-तीन भगिनींनी विचारले, की थंडीत मेव्याचे गोड पदार्थ सगळ्याच करतात, पण तिखट काय करावे? आणि घरी ओव्हन आहे, पण अंड्यावाचून त्यात काय भाजावे? आजचा लेख त्या प्रश्नांसाठी आहे. परंतु पाककृतींकडे वळण्यापूर्वी मालाविषयी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. मेव्याच्या पदार्थात हाताचे कौशल्य थोडे आणि मालाचा कस फार, हे मी पुष्कळ किंमत देऊन शिकले आहे.

आमचे घर पोलादपुरात, कशेडी घाटाच्या पायथ्याशी. दुकान मात्र महाडच्या बाजारात. घाटाच्या अंगाने असलेल्या वाड्यांवरील बायका चैत्रात काजूची बी घेऊन येतात. त्यांची बोटे पाहिली, की काजूचा भाव करण्यास जीभ रेटत नाही. काजूच्या कवचात जो चीक असतो तो इतका दाहक, की कातडी सोलते आणि डाग महिनोन् महिने जात नाहीत. म्हणून बी फोडताना हाताला तेल किंवा राख चोळतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड कोकणच्या कातळावर असे रुजले, की आज ते परके होते हे कोणाला सांगूनही पटत नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-4’ आणि ‘वेंगुर्ला-7’ या जाती तर बागायतदारांच्या तोंडी घरच्या नावांसारख्या झाल्या आहेत.

बाजारात काजूला जे आकडे लावतात, ते आपल्या घरच्या पुरुषांना पाठ असतात; पण रसोड्यात त्यांचा उपयोग क्वचितच होतो. 240 किंवा 320 म्हणजे एका पौंडात, अर्थात सुमारे 454 ग्रॅममध्ये, साधारण तितके गर. आकडा जेवढा लहान, तेवढा दाणा मोठा आणि भाव चढा. पाहुण्यांपुढे बशीत ठेवावयाचा असेल तर मोठा दाणा घ्यावा. उसळीला पाकळी पुरते. कतलीला आणि वाटणाला तुकडा उत्तम, कारण शेवटी त्याची पूडच व्हावयाची असते. चवीत फरक नाही, पैशांत पुष्कळ आहे. मात्र तुकडा विश्वासाच्या ठिकाणाहूनच घ्यावा. मोडक्या मालात जुना माल सहज लपतो.

हे लिहिताना 2021 चा जुलै महिना आठवल्यावाचून राहत नाही. 22 तारखेला सावित्रीच्या पुराने महाडला वेढा घातला. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे आमच्या दुकानाची हानी ती काय! तरीही पाणी उतरल्यावर शटर वर केले, तेव्हा माझे पाय उंबऱ्यावरच थबकले. राखीपौर्णिमा आणि गणपती तोंडावर असल्याने काजू, बदाम, अक्रोड भरून ठेवलेले होते. खालची पोती गाळात बसली होती. वरच्या खोक्यांतील माल मात्र नुसता ओलसर दिसत होता. मूठभर काजू हातात घेतले, तर पांढरेशुभ्र.

मी बापूजींना म्हणाले, “वरचा माल धुऊन, वाळवून भट्टीत भाजला तर निदान निम्मा तरी वाचेल.” त्याच सुमारास बाहेरगावचा एक गृहस्थ बाजारात फिरत होता. तो असा भिजलेला माल उचलून, भाजून, मीठ-मिरी लावून पुढे विकणार होता आणि पैसे रोख देत होता. माझे यजमान त्याच्याशी बोलणी करण्यास तयार झाले होते. मीही त्यांच्याच बाजूची होते, हे कबूल करते.

बापूजी खुर्चीवरून उठलेही नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “भाजल्याने वास जाईल. पाणी कोणत्या गटारातून आले, ते जाईल का?” कोणीतरी गुरांना घालण्याचे सुचविले. त्यावर ते म्हणाले, “गुराला विचारता येत नाही म्हणून?” दुसऱ्या दिवशी सगळा माल नगरपालिकेच्या गाळाच्या गाडीत गेला. बुरशी धरण्याच्या आत तो हलवावा, अशी त्यांची घाई होती. बुरशी अनंतकाय, तिची वाट पाहत बसणे त्यांना दुहेरी पाप वाटे.

त्या वर्षी माझ्या पाटल्या बँकेत गेल्या. दिवाळीचा काजू उधारीवर उचलला आणि ती उधारी फिटण्यास दोन वर्षे लागली. मनातून मी बापूजींवर बरेच दिवस रुष्ट होते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हिणकस माल देणे, हा अतिचार मी लहानपणी पाठशाळेत घोकला होता. परंतु घोकणे वेगळे, आणि पाटल्या उतरविणे वेगळे.

पुढे वाचनात आले, की ओल्या दाण्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असते आणि घरगुती भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. गुरांच्या चाऱ्यात गेले तर ते दुधातही उतरते. बापूजींना हे नाव ठाऊक नव्हते. त्यांना माल ठाऊक होता.

म्हणून भगिनींनो, मसाला लावलेला स्वस्त मेवा घेण्यापेक्षा साधा मेवा आणून घरीच भाजावा. दाणा मोडून पाहावा. तो कडकन मोडला पाहिजे. आत काळसर किंवा हिरवट झाक, जाळी किंवा कुबट वास असेल तर केवळ तो दाणा वेगळा काढून भागत नाही, सगळी पिशवीच परत करावी. चाखताना जिभेवर खवटपणा रेंगाळला तर तेल जुने झाले असे समजावे. अक्रोड सर्वांत लवकर खवट होतो, त्यामागोमाग शेंगदाणा; म्हणून अक्रोड थोडाच आणावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्य तर फ्रिजमध्ये ठेवावा. वापरण्यापूर्वी मेवा दिवसाउजेडी ताटात पसरून निवडावा.

आता पाककृती.

काजूची उसळ. 200 ग्रॅम काजू पाकळी कोमट पाण्यात तासभर भिजवावी. अर्धी वाटी त्याच दिवशी फोडलेल्या नारळाचे खोबरे, एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरे, चार मिरी, दोन लवंगा मंद आचेवर खरपूस भाजून बारीक वाटावे. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करून हळद, तिखट आणि निथळलेले काजू घालावेत. दीड वाटी गरम पाणी घालून दहा-बारा मिनिटे शिजवावे. काजू बोटाने दबला पाहिजे, पण मोडता कामा नये. मग वाटण, मीठ, तीन आमसुले, चिमूटभर सुंठ आणि चवीपुरता गूळ घालून दोन उकळ्या आणाव्यात. कांद्या-लसणाची उणीव भासत नाही. खोबरे आणि आमसूल ती भरून काढतात. तांदळाच्या भाकरीबरोबर ही उसळ सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला फार शोभते.

बदामाची नानकटाई. 100 ग्रॅम तूप आणि 100 ग्रॅम पिठीसाखर पांढरी व हलकी होईपर्यंत हाताने फेसावी. या फेसण्यावरच नानकटाईचा खुसखुशीतपणा अवलंबून असतो; अंड्याची गरज मुळीच नाही. त्यात 100 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बेसन, 25 ग्रॅम बारीक रवा, 50 ग्रॅम बदामाची पूड, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलदोडा व जायफळ मिसळून हलक्या हाताने गोळा करावा, मळू नये. बदाम दळताना मिक्सर थांबत थांबत चालवावा आणि पुडीत चमचाभर पिठीसाखर घालावी, म्हणजे तेल सुटत नाही. बावीस-चोवीस चपटे गोळे करून वर बदामाचे काप दाबावेत. आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये 160 अंश सेल्सिअसवर 18 ते 20 मिनिटे भाजावे. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते. निवल्यावर ती कडक होते. ती मऊ आहे म्हणून पुन्हा आत ठेवण्याची चूक आपण सगळ्याच एकदा करतो. ओव्हन नसल्यास जाड कढईत मिठाचा थर तापवून त्यावर जाळी व ताटली ठेवावी आणि झाकण घालून मंद आचेवर पाऊण तासाच्या आत दोन घाण उरकावेत.

अक्रोड-दाण्याची खारी पट्टी. 150 ग्रॅम कणीक, 50 ग्रॅम तांदळाचे पीठ, 75 ग्रॅम भाजलेल्या दाण्याचे जाडसर कूट, 50 ग्रॅम अक्रोडाचे बारीक तुकडे, दोन चमचे तीळ, एक चमचा भरड मिरी, अर्धा चमचा ओवा, मीठ आणि चार मोठे चमचे तेलाचे मोहन. अक्रोड आधी 150 अंशांवर आठ मिनिटे भाजून फडक्यात चोळावा, म्हणजे सालीचा कडवटपणा जातो. लागेल तेवढ्याच पाण्याने घट्ट मळून, लाटून, बोटभर रुंद पट्ट्या कापाव्यात. काट्याने टोचून 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटे भाजाव्यात, मध्ये एकदा उलटाव्यात. या पट्ट्या घट्ट दह्याबरोबर रुचकर लागतात. ज्या दाण्यातून तेल निघते तो द्विदलात मोडत नाही, म्हणून येथे शेंगदाणा चालतो. बेसन मात्र या पट्टीत घालू नये, कारण कच्च्या दह्याशी त्याचा मेळ आपल्याकडे वर्ज्य आहे.

भाजलेले पदार्थ पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावेत. किंचित वाफ राहिली तरी ओल धरते, आणि ओलीने काय होते ते वर लिहिलेच आहे. हिवाळ्यात मिठाईचा काल 30 दिवसांचा, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15 दिवसांचा, हे पूर्वीपासून ठरलेले आहे. डब्यावर केल्याची तिथी चिकटवावी. त्याआधी वास बदलला तर तिथीकडे न पाहता पदार्थ टाकून द्यावा.

पाटल्या मागल्या वर्षी परत आल्या. बापूजी आता दुकानावर बसत नाहीत, पण नवा मेवा घरी आला की पहिली मूठ त्यांच्याकडे जाते. ते ती नाकाशी धरतात, एक दाणा मोडतात आणि मान हलवितात. ती मान हलेपर्यंत मी ओव्हन तापवीत नाही.

पुढील अंकी पौषाच्या निमित्ताने तीळ आणि गूळ. जय जिनेंद्र.