‘अर्क’ या शब्दाचे वाचन

साहित्याच्या वर्गात जाहिरातीची भाषा शिकवावी असे सुचवले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. आमचे मत मात्र असे आहे की, क्रीमच्या डबीवरील मजकूर कवितेइतक्याच बारकाईने वाचला पाहिजे. कारण वाचणारा त्या शब्दांवर विसंबून पैसे मोजतो आणि ते द्रव्य आपल्या त्वचेला लावतो.

‘डाळिंबाच्या अर्कासह’, ‘आवळ्याने समृद्ध’, ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ ही पदे पाहावीत. त्यांत क्रियापद नाही. ‘सह’ हे अव्यय सोबत सांगते. मात्रा सांगत नाही आणि कर्तृत्व तर नाहीच. आपल्याकडील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक मात्र त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे दर्शनी बाजूस नायक म्हणून झळकणारे फळ मागील यादीत गर्दीतील एक असू शकते.

मूळ विज्ञान खोटे नाही. अतिनील किरणांमुळे त्वचेत मुक्त मूलके निर्माण होतात, ती पेशींना इजा करतात आणि अँटिऑक्सिडंट द्रव्ये त्यांना निष्प्रभ करू शकतात. परंतु ‘करू शकतात’ आणि ‘करतात’ यांत अंतर आहे. फळांतील ‘क’ जीवनसत्त्वाचेच घ्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते त्वचेत नीट शिरण्यासाठी द्रावणाचा सामू ३.५ हून कमी असावा लागतो आणि २० टक्क्यांपुढे मात्रा वाढवून लाभ होत नाही. शिवाय हवा व प्रकाश त्याला लवकर निकामी करतात. डाळिंबातील प्युनिकॅलॅजिनचा रेणुभार सुमारे १,०८४ आहे. आणि ५०० हून जड रेणू शाबूत त्वचेतून सहसा आत जात नाहीत, असा ठोकताळा २००० साली मांडला गेला. परीक्षानळीतील गुण आणि देहातील परिणाम एक नव्हेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली सारणी २०१२ मध्ये मागे घेतली, ती या आकड्यांचा मानवी आरोग्यावरील परिणामांशी संबंध नसल्याचे पुरावे वाढत गेल्यामुळे आणि त्यांचा विक्रीसाठी गैरवापर होत असल्यामुळे. एका संदर्भातील विधान दुसऱ्या संदर्भात नेऊन बसवणे, हा दोष समीक्षेच्या अभ्यासकास नवा नाही.

‘अर्क’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य. बाटलीतील अर्क अरबीतून आला, आणि तेथे त्याचा मूळ अर्थ घाम. एका अर्कापासून रक्षण करण्यास दुसरा अर्क सरसावतो, ही गंमत झाली. गंभीर बाब निराळी आहे. मराठी कानाला ‘अर्क’ म्हणजे सार, अवघे फळ एका थेंबात आटवलेले. व्यवहारात मात्र प्रसाधनांसाठीचे वनस्पतिजन्य अर्क बहुधा पाण्यात वा ग्लिसरिनमध्ये विरळ केलेले मिळतात. शब्द घट्टपणा सुचवतो आणि वस्तू पातळ असते. या फटीतच सारा व्यापार चालतो.

यावर उपाय म्हणून आजीबाईच्या बटव्याचे गोडवे गाणे आम्हाला मान्य नाही. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. ‘नैसर्गिक’ हे विशेषण स्वयंपाकघरातून आले म्हणून निर्दोष ठरत नाही. तसेच अशी क्रीम घेणाऱ्यांची टवाळीही आम्हाला करायची नाही. सुंदर दिसावे असे वाटणे हा अपराध नव्हे. त्या इच्छेपुढे अर्धे वाक्य ठेवून पूर्ण किंमत घेणे आक्षेपार्ह आहे.

तेव्हा शिक्षकांनी एक तास या मजकुरासाठी राखावा. विद्यार्थ्यांना चारच प्रश्न विचारायला लावावेत: कर्ता कोण, क्रियापद कोठे आहे, मात्रा किती, आणि हे सिद्ध झाले ते कोठे — नळीत की त्वचेवर? ज्याला हे प्रश्न डबीपुढे सुचतात, त्याला ते जाहीरनाम्यापुढे आणि अग्रलेखापुढेही सुचतील. भाषेच्या अध्यापनाकडून आमची याहून मोठी अपेक्षा नाही, आणि याहून कमीही नाही.